स्किन टाकली तरी गाडी पांढरीच: ॲसेटो कोर्सातल्या परत परत येणाऱ्या अडचणी

रात्री साडेअकराला विजापूर रोडच्या मित्राचा फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "काय बे, तू दिलेली स्किन टाकली, पण गाडी पांढरीच दिसायलीय." पुढच्या आठवड्यात तोच फोन. या वेळी गाडी पांढरी नसते, पण जवळून वेगळी आणि लांबून वेगळी दिसत असते. मग जुळे सोलापुरातला मावसभाऊ, मग त्याचा कॉलेजचा ग्रुप. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून झालं, म्हणून आता सगळं एकदाच सविस्तर लिहितो. पोरं मन लावून डिझाइन करतात, तीन-तीन रात्री घालवतात आणि एका फाइलच्या नावापायी कंटाळून सोडून देतात. ते मला बघवत नाही.

हे सगळं ॲसेटो कोर्सा या कार रेसिंगच्या कॉम्प्युटर गेमबद्दल आहे. स्किन म्हणजे त्यातल्या गाडीवर चढवायचं रंगाचं-नक्षीचं डिझाइन. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचा हा गेम २०१४ साली आला, पण आमच्याकडे आजही तोच जास्त चालतो. जुन्या ग्राफिक्स कार्डवर तो नीट पळतो आणि त्याची फोल्डरं उघडी आहेत, हात घालायला जागा आहे. सोबत कंटेंट मॅनेजर (गेम चालवायचं आणि गाड्या-स्किन सांभाळायचं वेगळं सॉफ्टवेअर) असायलाच हवा, त्याच्याशिवाय मी कुणालाच सल्ला देत नाही. वाचायला सोपं जावं म्हणून फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय. तुमच्या मशिनवर ती इंग्रजी अक्षरांत असतील आणि तशीच राहू द्या. फोल्डरला मराठीत नाव द्यायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण नावात लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच ठेवा, म्हणजे एका शंकेला जागाच राहत नाही.

आधी गाडी बघा, फाइल नंतर

फोन आला की मी फाइल मागत नाही, फोटो मागतो. गाडी जवळून, गाडी लांबून, डावी बाजू, उजवी बाजू. या चार फोटोंत निम्मं निदान होतं. गाडीवर मूळचाच रंग असेल तर तुमची फाइल गेमनं उचललेलीच नाही. गाडी एकाच सपाट रंगाची असून डिझाइन त्याच्याखाली दबलेलं वाटत असेल, तर फाइल उचलली आहे पण तिच्यातली पारदर्शकता गडबडली आहे. जवळून बरोबर आणि लांबून जुनी दिसत असेल तर प्रकरण तिसरंच आहे. ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत, पण तिघांनाही लोक "स्किन चालत नाही" असंच म्हणतात. मग एकाचं औषध दुसऱ्याला देतात आणि आठ दिवसांनी परत तिथेच.

दुसरी विनंती अशी की एका वेळी एकच गोष्ट बदला. फाइलचं नाव, फॉरमॅट आणि साइज तिन्ही एकदम बदलून गाडी बरोबर दिसली, तर नेमकं काय चुकलं होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. पुढच्या गाडीला तीच चूक परत होईल.

गाडीवर जुनाच रंग दिसतो

दहातल्या आठ फोनचं कारण हेच निघतं. गाडीचं मॉडेल केएन५ नावाच्या फाइलमध्ये असतं आणि तिच्यातच प्रत्येक टेक्स्चरचं, म्हणजे मॉडेलवर गुंडाळलेल्या चित्राचं, नाव लिहिलेलं असतं. स्किनच्या फोल्डरमध्ये अगदी त्याच नावाची फाइल सापडली तर गेम ती लावतो. नाही सापडली तर केएन५मधलंच मूळ टेक्स्चर दाखवतो, आणि कसलाही इशारा देत नाही. त्यामुळे नावात एक अक्षर जास्त झालं तरी तीन रात्रींचं काम दिसत नाही.

नाव अंदाजानं ठरवू नका. एका गाडीत ते बॉडी असतं, दुसरीत स्किन_००, तिसरीत भलतंच. कंटेंट मॅनेजरमधलं कस्टम शोरूम उघडा आणि गाडीच्या दारावर क्लिक करा. त्या भागाला कोणकोणती टेक्स्चरं लागली आहेत त्याची यादी समोर येते. तिथलं नाव अक्षरशः जसंच्या तसं कॉपी करा, हातानं टाइप करू नका. दार आणि बोनेट वेगवेगळ्या टेक्स्चरवर असू शकतात, म्हणून बंपर, आरसे, छत यांवरही एकेकदा क्लिक करून बघा. याच शोरूमचा आणखी मोठा उपयोग म्हणजे ते उघडं ठेवून तुम्ही स्किनच्या फोल्डरमध्ये फाइल सेव्ह केली की गाडी तिथल्या तिथे बदलते. दर वेळी गेम चालू करून ट्रॅकवर जायची गरज नाही.

नाव बरोबर आहे असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या मशिनवर मी पहिल्यांदा विंडोजची एक सेटिंग बघतो. फाइलचं एक्स्टेन्शन लपवलेलं असेल तर तुम्हाला बॉडी.डीडीएस (डीडीएस हा टेक्स्चरच्या चित्राचा फॉरमॅट) असं दिसतं आणि प्रत्यक्षात ती बॉडी.डीडीएस.डीडीएस असते, नाहीतर बॉडी.डीडीएस.पीएनजी. फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूमध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा आणि ती टिक कायम राहू द्या. पीएनजीचं नुसतं नाव बदलून डीडीएस केलं म्हणून ती डीडीएस होत नाही, हेही सांगायला हवं. एक्स्पोर्टच करावी लागते. गिम्पमध्ये आणि पेंट डॉट नेटमध्ये ती सोय आहेच, फोटोशॉपला वेगळं प्लगिन लागतं.

मावसभावाची अडचण याहून साधी होती. झिप उघडताना फोल्डरच्या आत त्याच नावाचं आणखी एक फोल्डर तयार झालं होतं. मार्ग असा हवा: कंटेंट, त्यात कार्स, त्यात गाडीचं फोल्डर, त्यात स्किन्स, त्यात तुमच्या स्किनचं फोल्डर आणि त्यात थेट फाइली. मध्ये एक जादा पायरी आली की निवडीच्या यादीत रिकामा चौकोन दिसतो आणि गाडी मूळ रंगातच राहते.

आणि हीच अडचण परत का येते? तर बरेच जण नवीन फोल्डर न करता गाडीसोबत आलेल्या मूळ स्किनच्याच फाइलवर आपली फाइल टाकतात. महिनाभर सगळं छान चालतं. मग कधीतरी स्टीमवर फाइल तपासणीचं बटण दाबलं जातं, मूळ फाइल बदललेली आढळते आणि ती परत डाउनलोड होते. तुमची गेली. त्यामुळे कायम मूळ स्किनच्या फोल्डरची कॉपी करा, तिला नवं नाव द्या आणि काम त्या कॉपीतच करा. त्यात चारच गोष्टी सांभाळायच्या: टेक्स्चर, ६४ बाय ६४ ची लिव्हरी.पीएनजी, १०२२ बाय ५७५ ची प्रिव्ह्यू.जेपीजी आणि नावगाव असलेली यूआय_स्किन.जेसन. प्रिव्ह्यूचं चित्र जुनं राहिलं तर निवडीच्या पडद्यावर जुनीच गाडी दिसते आणि लोक घाबरतात. ट्रॅकवर जाऊन बघा, गाडी बहुधा बरोबर असते. नवा प्रिव्ह्यू कंटेंट मॅनेजरच काढून देतो.

डिझाइन रंगाखाली दबल्यासारखं दिसतं

बऱ्याच गाड्यांच्या रंगात दोन थर असतात. एक तुमचं टेक्स्चर आणि दुसरा डिटेल टेक्स्चर, म्हणजे धातूच्या रंगाचा बारीक दाणा असलेला थर. कुठे कोणता थर दिसावा हे तुमच्या टेक्स्चरचं अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेचा थर, ठरवतं. अल्फा पांढरा तिथे तुमचं डिझाइन, काळा तिथे डिटेलचा रंग. आता मूळ टेक्स्चर उघडून त्यावरच तुम्ही नक्षी काढली आणि अल्फाला हात लावला नाही, तर तो मुळातला काळाच राहतो आणि नक्षी खाली दबते. अल्फा पूर्ण पांढरा करून एक्स्पोर्ट करा, नक्षी वर येईल.

उलट घोटाळाही होतो. डीएक्सटी१ मध्ये (डीडीएसच्या कॉम्प्रेशनचा एक प्रकार) एक्स्पोर्ट केलं की अल्फाच्या बारीक छटा टिकत नाहीत. त्यामुळे अर्धा भाग धातूसारखा आणि अर्धा भाग नक्षीचा हवा असेल तर डीएक्सटी५ घ्या. चकाकीचं गणित वेगळ्या मॅप्स फाइलमध्ये असतं. तिथे लाल चॅनल चमकेची ताकद ठरवतं, हिरवं चमक किती टोकदार ते, आणि निळं प्रतिबिंब. स्टिकर क्रोमसारखा चकाकत असेल तर रंग बदलत बसू नका, त्या भागातलं निळं कमी करा.

जवळून नवी, लांबून जुनी

गाडीची मॉडेल्स एकाहून जास्त असतात. जवळून बारकाव्यांचं दिसतं आणि अंतर वाढलं की कमी बारकाव्यांचं मॉडेल त्याची जागा घेतं. घरगुती बनावटीच्या काही गाड्यांत या लांबच्या मॉडेलनं टेक्स्चरसाठी दुसरंच नाव वापरलेलं असतं. त्या नावाची फाइल तुमच्या फोल्डरमध्ये नसली की वळण ओलांडून गाडी लांब गेल्यावर एकदम तिचा रंग बदलतो. कस्टम शोरूममध्ये लांबचं मॉडेल निवडून त्याच्यावरही क्लिक करा, त्या नावाचीही एक फाइल ठेवा. कुनोसच्या स्वतःच्या गाड्यांत हा त्रास मला आलेला नाही.

लांबून गाडीवरची नक्षी लुकलुकत असेल, उन्हात पाण्याची चकाकी हलावी तशी, तर एक्स्पोर्ट करताना मिपमॅप्सवर टिक करायची राहून गेली आहे. मिपमॅप म्हणजे त्याच चित्राच्या निम्म्या निम्म्या आकाराच्या प्रती. लांबच्या गाडीला गेम छोटी प्रत लावतो. ती नसली की मोठ्या चित्रातले पिक्सेल कसेही उचलले जातात आणि लुकलुक सुरू होते. त्यासाठीच टेक्स्चरची बाजू १०२४, २०४८ किंवा ४०९६ अशी ठेवायची, मनात येईल ती नाही. पॅनेलच्या कडेला लांबून पांढरी रेघ दिसत असेल तर रंग यूव्हीच्या (गाडीचा कुठला भाग चित्रात कुठे येतो त्या नकाशाच्या) रेषेवर थांबवू नका, दहा-पंधरा पिक्सेल बाहेर सांडू द्या.

सोलापुरी चादर दारावर

या भागात मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि उत्तर घरातच मिळालं.

मला गाडीच्या दोन्ही बाजूंना सोलापुरी चादर हवी होती. लाल जमीन, हिरवा-पिवळा काठ आणि मध्ये मोर. घरातलीच चादर अंथरली, वरून फोटो काढला, लहान करून दारावर बसवला. फोटोशॉपमध्ये सुंदर दिसत होतं. गाडीवर मात्र काठाचा चिखल झाला. हिरव्या आणि पिवळ्याच्या मध्ये राखाडी डाग, मोराच्या मानेत कसलेतरी चौकोन. मी डीएक्सटी१ वरून डीएक्सटी५ वर गेलो, कारण सगळीकडे हेच सांगतात की ५ चा दर्जा चांगला. काही फरक नाही. २०४८ वरून ४०९६ केलं. थोडं बरं, पण चिखल तिथेच. हा सगळा आठवडा वाया गेला.

बाबांनी सोलापूरच्या पूर्व भागात जकार्ड मागावर काम केलंय. ते मागे येऊन उभे राहिले आणि मी झूम केलेलं चित्र बघत म्हणाले, "तुझं एक घर दीड घराचं झालंय. ग्राफवर दीड घर असतं का?"

जकार्डची नक्षी आधी ग्राफ पेपरवर काढतात. एक घर म्हणजे नक्षीचा सगळ्यात लहान कण, त्याचा रंग एकच. घर भरलेलं किंवा रिकामं, अर्धं भरलेलं चालत नाही, कारण त्यावरूनच पुढे कार्डाला भोकं पाडायची असतात. माझ्या चित्रात चादरीचं एक घर दीड पिक्सेलात आलं होतं. म्हणजे प्रत्येक कडेवर दोन रंगांची मिसळ.

मग डीडीएसचं कॉम्प्रेशन नेमकं कसं चालतं ते मी नीट वाचलं, आणि बाबांचं म्हणणं तिथे जसंच्या तसं लागू पडलं. डीएक्सटी१ चित्राचे ४ बाय ४ पिक्सेलचे चौकोन करतो. अशा १६ पिक्सेलच्या चौकोनाला मिळून ८ बाइट. त्यात दोनच रंग साठवलेले असतात आणि त्या दोघांच्या मधल्या दोन छटा हिशोबानं काढल्या जातात. चौकोनातल्या प्रत्येक पिक्सेलला या चौघांपैकीच एक घ्यावा लागतो. चौकोनात लाल, हिरवा, पिवळा आणि पांढरा असे चार रंग आले तर दोन टोकांच्या मधल्या छटांत ते बसणार कसे? चिखल होणारच. आणि डीएक्सटी५ मध्ये रंगांसाठीची व्यवस्था हीच असते, जादा ८ बाइट अल्फाला मिळतात. म्हणून माझा तो आठवडा फुकट गेला. रंगांच्या चिखलावर डीएक्सटी५ हे औषधच नाही.

उपाय असा. फोटो बाजूला ठेवला. मोर ग्राफवर परत काढला, रुंदी ९० घरं. टेक्स्चरमध्ये एक घर म्हणजे बरोबर ४ बाय ४ पिक्सेल, म्हणजे मोर ३६० पिक्सेल रुंद. आणि सुरुवात अशी की चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजलेले दोन्ही आकडे चारच्या पटीत येतील, ८१२ चालेल, ८१३ नाही. गिम्पमध्ये ४ पिक्सेलची ग्रिड लावून स्नॅप चालू केलं की हे आपोआप होतं. आता कॉम्प्रेशनच्या एका चौकोनात एकच रंग येतो आणि काठ साध्या डीएक्सटी१ मध्येही करकरीत दिसतो. रंगाची छटा किंचित सरकते, कारण तिथे लाल आणि निळ्याला ५-५ आणि हिरव्याला ६ बिट मिळतात. तो फरक मला चादरीशेजारी मॉनिटर ठेवूनसुद्धा जेमतेम दिसला.

एक अट आहे. गाडीचं दार यूव्हीमध्ये सरळ असलं तरच हे जमतं. काही गाड्यांत दार पाच-सात अंशांनी कललेलं असतं, तिथे घरं तिरकी होतात आणि सगळा मेळ मोडतो. अशा गाडीला बीसी७ वापरा. डायरेक्टएक्स ११ सोबत आलेला हा प्रकार डीएक्सटी५ इतकीच जागा घेतो, पण रंग पुष्कळ चांगले सांभाळतो. कॉम्प्रेशन पूर्ण काढून टाकायचा मोह मात्र आवरा. ४०९६ चं टेक्स्चर डीएक्सटी१ मध्ये ८ एमबी, डीएक्सटी५ किंवा बीसी७ मध्ये १६ एमबी आणि कॉम्प्रेशनशिवाय ६४ एमबी. वर मिपमॅप्सचा एक तृतीयांश. २४ गाड्यांच्या रेसमध्ये सगळ्यांनी कॉम्प्रेशनशिवाय स्किन टाकल्या तर नुसत्या रंगालाच २ जीबी लागतील. चार जीबीच्या कार्डवर खेळणाऱ्या पोराचा गेम अडखळायला लागतो आणि तो बिचारा प्रोसेसरला दोष देत बसतो.

'सिद्धेश्वर' उलटंपालटं का उमटतं

गाडीवर ग्रामदैवताचं नाव सगळ्यांनाच हवं असतं. आणि हमखास तेच मोडतं. वेलांटी स च्या पुढे जाऊन बसते, द्ध सुटून द आणि ध वेगळे होतात, श्व चा पाय मोडतो. फोटोशॉपमध्ये टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय निवडा, नव्या आवृत्तीत त्याला वर्ल्ड-रेडी लेआउट म्हणतात. मग अक्षरं परत टाइप करा. गिम्प आणि इंकस्केपमध्ये युनिकोड फॉन्ट असेल तर जोडाक्षरं आपोआप नीट जुळतात.

नावाचं डिझाइन फ्लेक्सवाल्याकडून आणलं असेल तर आणखी दोन गोष्टी बघा. मला एका दुकानातून फाइल मिळाली होती, घरी उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ. दुकानात जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट होता आणि तो माझ्याकडे नव्हता. त्यांना एवढंच सांगा, "अक्षरं कर्व्हमध्ये करून द्या." मग अक्षरांचे आकार होतात आणि फॉन्टची गरज उरत नाही. दुसरं म्हणजे छपाईची फाइल सीएमवायके असते. गेमला आरजीबी लागतं. तसंच बदलून घेतलं की भगवा विटकरी होतो आणि हिरवा मळतो. आरजीबीत आल्यावर रंग हातानं परत ठरवा.

शिरोरेषेची काळजी घ्या. बारीक फॉन्टमध्ये ती लांबून आधी जाते, आणि ती गेली की मराठी शब्द मराठी वाटत नाही. मी जाड फॉन्ट घेतो, अक्षराची उंची निदान ६० पिक्सेल ठेवतो आणि वरची मात्रा दाराच्या फटीत जात नाही ना हे शोरूममध्ये बघतो.

डाव्या बाजूला नाव बरोबर आणि उजव्या बाजूला आरशात दिसावं तसं उलटं असेल, तर चूक तुमची नाही. त्या गाडीच्या दोन्ही बाजू टेक्स्चरच्या एकाच तुकड्यावर बसवलेल्या आहेत. स्किन करून ते सुटणार नाही. त्या गाडीवर अक्षरं टाकू नका, नक्षी टाका, किंवा दुसरी गाडी घ्या. हे आधीच बघून घेतलं तर पुढचं सगळं काम वाचतं.

मला दिसते, मित्राला दिसत नाही

ऑनलाइन रेसमध्ये गेम तुमची स्किन दुसऱ्याला पाठवत नाही. सगळ्यांच्या मशिनवर तेच फोल्डर, त्याच नावानं असायला हवं. नसेल त्याला दुसरीच कुठलीतरी स्किन दिसते. सर्व्हर तुमचा असेल तर एंट्री_लिस्ट.आयएनआय मध्ये त्या गाडीच्या स्किनपुढे फोल्डरचं नाव लिहिलेलं असतं, तिथली एक चूकही पुरेशी होते. आम्ही रेसच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या स्किन एका झिपमध्ये करून ग्रुपवर टाकतो. फक्त स्किनचं फोल्डर द्या. दुसऱ्यानं मेहनतीनं केलेली गाडी उघडून तिची केएन५ वाटत फिरणं मला पटत नाही.

याच कंपनीचा पुढचा गेम, ॲसेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, खेळणाऱ्यांसाठी एवढंच: तिथे पीएनजी बदलूनही गाडी जुनीच दिसत असेल, तर लिव्हरीच्या फोल्डरमध्ये गेमनं स्वतः तयार केलेल्या डीडीएस फाइली काढून टाका. तो नव्यानं करून घेतो.

ट्रॅक: गाडी रस्त्यातून खाली पडते

स्किनवरून पोरं ट्रॅककडे वळतात आणि पहिल्याच दिवशी गाडी पाताळात जाते. मी विजापूर रोडचा संभाजी तलावाजवळचा तुकडा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतोय, माझीही गेली होती.

रस्ता दिसतो पण गाडी धरत नाही, याचं कारण बहुतेक वेळा नावात असतं. ॲसेटो कोर्सात ज्या वस्तूचं नाव आकड्यानं सुरू होतं तीच टक्कर घेते. १रोड, १वॉल, १ग्रास असं. आकडा नसला तर ती नुसती दिखाव्याची. आकड्यामागचा शब्द सरफेसेस.आयएनआय मधल्या नावाशी जुळला पाहिजे, मग पकड किती, कंप किती, तिथे गेलं तर लॅप बाद होते का, हे सगळं त्यातून ठरतं. उलट झाडाची पानं आणि दुकानांच्या पाट्या यांना आकडा लावू नका, नाहीतर फांदीला धडकून गाडी थांबेल.

गेम ट्रॅक उघडता उघडता बंदच पडत असेल तर जागा दाखवणाऱ्या रिकाम्या वस्तू मोजा. एसी_स्टार्ट_० पासून सुरुवातीच्या जागा, एसी_पिट_० पासून पिटच्या, एसी_टाइम_०_एल आणि _आर वेळ मोजायला, आणि एसी_हॉटलॅप_स्टार्ट_०. स्टार्ट आणि पिट यांची संख्या सारखी ठेवा आणि यूआय_ट्रॅकमध्ये पिटबॉक्सचा आकडाही तोच लिहा. मोजणी शून्यापासून होते, एकपासून सुरू करणारे इथेच फसतात. गाडी आडवी किंवा उलट्या तोंडानं उभी राहत असेल तर त्या रिकाम्या वस्तूचा स्वतःचा झेड बाण पुढे आणि वाय बाण वर आहे का ते बघा, आणि ती रस्त्यापासून मीटरभर वर ठेवा.

केएसएडिटर (मॉडेलची केएन५ बनवणारं कुनोसचं सॉफ्टवेअर) एखादी वस्तू घेतच नसेल तर तिचे बिंदू मोजा. एका वस्तूत ६५,५३५ च्या वर चालत नाहीत. माझ्या तलावाकाठची जमीन एकाच तुकड्यात होती, चार तुकडे केले आणि काम झालं. ट्रॅकवर गाडी मुंगीएवढी दिसली किंवा हत्तीएवढी झाली तर एफबीएक्सच्या (ब्लेंडरमधून काढलेल्या मॉडेलच्या फाइलच्या) मापात शंभरपटीचा घोळ आहे, सेंटीमीटर आणि मीटर. एक मीटरचा ठोकळा रस्त्याकडेला ठेवून एक्स्पोर्ट करा, गाडीशेजारी तो बघितला की लगेच कळतं.

उंचसखलपणासाठी लोक उपग्रहाचा मोफत डेटा थेट रस्त्याला लावतात आणि मग गाडी उड्या मारते म्हणून विचारतात. त्या डेटात साधारण ३० मीटरला एक आकडा असतो. आजूबाजूच्या माळाला तो चालतो, रस्त्याला नाही. रस्त्याचा चढउतार वेगळ्या गुळगुळीत वक्रावर घ्या. मी तर गाडीवरून जाऊन कुठे चढ सुरू होतो, कुठे मोरी येते, गतिरोधक कुठे आहेत हे वहीत लिहून आणलं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत जा, नंतर उभं राहवत नाही.

कुणाची अडचण यातूनही सुटली नाही तर विचारताना गाडीचं नाव, वर सांगितलेले चार फोटो, एक्स्टेन्शन दिसत असलेल्या स्किन फोल्डरचा एक स्क्रीनशॉट आणि शोरूममध्ये त्या भागावर क्लिक केल्यावर आलेल्या यादीचा एक स्क्रीनशॉट, एवढं पाठवा. ट्रॅकचं असेल तर ब्लेंडरमधल्या वस्तूंच्या नावांची यादी. चादरीचा मोर कुणाला हवा असेल तर त्याचा ९० घरांचा ग्राफ मी पीएनजीत देईन, एक घर एक पिक्सेल असा. मोठा करताना चौपट करा आणि इंटरपोलेशन 'नन' ठेवा.